मज्जातंतू जागविणारे व निजविणारे अवरक्त किरण

धारवाडी पेढ्यासाठी दूध आटविणाऱ्या भट्टीपासून चार हात दूर उभे राहिले तरी गालांना धग जाणवते. मध्ये एखादा पुठ्ठा आडवा धरावा, धग तत्क्षणी थांबते. पुठ्ठा दूर करावा, ती तत्क्षणी परत येते. हवेने वाहून आणलेली उष्णता इतक्या चपळाईने येत-जात नाही. ही धग म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाशच होय. 'रक्त' म्हणजे तांबडा. तांबड्या रंगाच्या अलीकडचा, म्हणून त्यास अवरक्त असे नाव मिळाले आहे.

हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांत, आणि महाराष्ट्र-कर्नाटकातील कोणत्याही शहरात, हे किरण आणखी एका ठिकाणी हटकून भेटतात. भौतिकोपचार केंद्रांतील तांबडा दिवा हे ते ठिकाण. पाठ, मान, गुडघा यांना त्याचा शेक दिला जातो. अलीकडे तर 'किरणांनी मेलेल्या नसा जाग्या करणारी' उपकरणे घरोघर विकली जातात, आणि पायांना बधिरता आलेले मधुमेही वृद्ध ती मोठ्या आशेने विकत घेतात. अवरक्त किरणांनी मज्जातंतू खरोखर जागविता येतो व निजविताही येतो, हे गेल्या वीस वर्षांत प्रयोगशाळांतून सिद्ध झाले आहे. तथापि त्या प्रयोगांतील किरण व या दिव्याचा शेक यांत महदंतर आहे. ते अंतर लक्षात न आल्यास बधिर पाय भाजून निघण्याचा धोका असल्याने हा विषय मुळापासून समजून घेणे अगत्याचे ठरते.

हर्शेलचा तापमापक

युरेनस ग्रहाचा शोध लावणारे विल्यम हर्शेल यांनी १८०० साली इंग्लंडमध्ये सूर्यप्रकाश लोलकातून पाठवून त्याचे रंग मेजावर पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या पट्ट्याच्या बाहेर, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे ठेवलेल्या तापमापकाचा पारा सर्वांत अधिक चढला. शाळेतील शिक्षकांना हा प्रयोग आजही करून दाखविता येईल. काचेचा लोलक, एक खोके आणि टोकांना काळा रंग लावलेले तीन-चार तापमापक एवढे साहित्य पुरे. एक तापमापक रंगांपासून अगदी दूर सावलीत ठेवावा, म्हणजे तुलनेस आधार मिळतो. दूरचित्रवाणीच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबल्यास कित्येक कॅमेऱ्यांच्या पडद्यावर एक फिकट ठिपका लुकलुकतो. तोही अवरक्त प्रकाशच.

मात्र सर्व अवरक्त किरण एकसारखे नव्हेत. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते; एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेथून पुढे थेट १००० मायक्रोमीटरपर्यंत अवरक्ताचा पसारा आहे. रिमोटचे किरण एक मायक्रोमीटरच्या आतबाहेरचे, तर माणसाच्या अंगातून सतत बाहेर पडणारे किरण मुख्यतः १० मायक्रोमीटरच्या आसपासचे असतात. मज्जातंतूंच्या प्रयोगांत ज्यांचा उपयोग झाला ते बहुतांशी १.८ ते २.१ मायक्रोमीटरचे. पाणी या किरणांना फार लवकर शोषून घेते, हे त्यांचे वैशिष्ट्य पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

फलाटाच्या मापाने मज्जातंतू

मज्जातंतूला विजेच्या तारेची उपमा दिली जाते, ती अर्धीच खरी आहे. तारेत वीज निमूटपणे वाहते. मज्जातंतूत मात्र संदेश प्रत्येक ठिकाणी नव्याने उभा राहतो. तंतूच्या पातळ आवरणाच्या आतील बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० सहस्रांश व्होल्टने ऋण असते. काही कारणाने हा फरक एका मर्यादेपलीकडे कमी झाला की आवरणातील सूक्ष्म दारे उघडतात, सोडियमचे आयन आत घुसतात आणि तेथे संदेश पेटतो. लागलीच पोटॅशियमची दारे उघडून पूर्वस्थिती येते. तोवर शेजारची दारे उघडलेली असतात. वाळलेल्या गवताला एका टोकाने लागलेली आग जशी पुढे सरकते, तसा हा प्रकार आहे. भेद इतकाच की हे गवत क्षणार्धात पुन्हा उगवते.

सर्व तंतूंचा वेग सारखा नसतो. हुबळीच्या श्री सिद्धारूढ स्वामीजी रेल्वेस्थानकाचा १५०७ मीटर लांबीचा फलाट जगातील सर्वांत लांब म्हणून २०२३ पासून प्रसिद्धीस आला आहे. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या जाड, मेदाचे वेष्टन असलेल्या तंतूतील संदेश सेकंदाला १०० मीटरपर्यंत धावतो. या फलाटाचे एक टोक सोडून दुसरे गाठावयास त्यास १५ सेकंद पुरतील. वेदना व उष्णता यांची वार्ता नेणारे बारीक, वेष्टनरहित तंतू मात्र सेकंदाला साधारण एक मीटर या पायी चालीने जातात. त्यांना तेच अंतर काटण्यास २५ मिनिटे लागतील. पायाला ठेच लागली की प्रथम एक तीव्र कळ जाते आणि मागाहून ठणका सुरू होतो, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. कळ तुलनेने वेगवान तंतूंनी आणलेली असते, ठणका मंद तंतूंनी. जाड व बारीक तंतूंमधील हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. अवरक्त किरणांविषयीच्या सर्वांत मोठ्या आशेचे मूळ त्यातच आहे.

ब्याडगीची मिरची आणि घाटातला चापडा

उष्णता आणि मज्जातंतू यांचे नाते निसर्गाने फार पूर्वीच जोडून ठेवले आहे. मिरची 'तिखट' लागते म्हणजे नेमके काय होते? १९९७ साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनावाहक तंतूंच्या आवरणातील एक दार शोधून काढले. मिरचीतील कॅप्सायसिन या द्रव्याने ते उघडते, आणि सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापविले तरीही उघडते. म्हणूनच तिखटाने तोंड 'भाजते'. या संशोधनाबद्दल ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह मिळाले. योगायोग असा की ज्या १९९७ साली हे दार सापडले, त्याच साली जुन्या धारवाड जिल्ह्याचे विभाजन होऊन मिरचीसाठी नावाजलेली ब्याडगी हावेरी जिल्ह्यात गेली. ब्याडगीच्या सुरकुतलेल्या मिरचीत रंग भरपूर आणि कॅप्सायसिन थोडे. ती भाजीला लालभडक करते, पण हे दार फारसे ठोठावीत नाही.

दुसरे उदाहरण सह्याद्रीच्या जंगलातील. कॅसलरॉक, अंशी, आंबोली या पट्ट्यात आढळणाऱ्या चापडा जातीच्या सर्पांच्या डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये एक खोल खळगी असते. तिच्यात ताणलेल्या पातळ पडद्यावर उंदराच्या उबदार अंगातून निघालेले अवरक्त किरण पडले की तो पडदा किंचित तापतो, आणि त्यातील मज्जातंतूंची टोके मेंदूकडे संदेश धाडतात. काळोख्या रात्रीही या सर्पाला भक्ष्याची दिशा कळते ती यामुळे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांना अशी खळगी नसते. खळगी असलेल्या सर्पांच्याच कुळातील अमेरिकी खुळखुळ्या सर्पावर संशोधन होऊन २०१० साली असे दिसून आले की, येथे तंतूला प्रकाश 'दिसत' नाही, प्रकाशाने आलेली ऊब कळते. प्रयोगशाळांतही नेमके हेच प्रत्ययास आले.

नॅशव्हिल येथील प्रयोग

मुंबई विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी व पदव्युत्तर पदवी घेऊन अमेरिकेस गेलेल्या अनिता महादेवन-जान्सेन या टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात जैववैद्यकीय प्रकाशशास्त्राच्या प्राध्यापिका आहेत. २०२२ साली त्या एसपीआयई या प्रकाशशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अध्यक्षा होत्या. त्यांनी, ड्यूको जान्सेन, जोनाथन वेल्स, शल्यविशारद पीटर कॉनरॅड आदी सहकाऱ्यांसह केलेला प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. भूल दिलेल्या उंदराच्या मांडीतील मोठा मज्जातंतू शस्त्रक्रियेने उघडा करून त्यावर अवरक्त लेसरचा अत्यल्पकाळ टिकणारा झोत सोडण्यात आला. झोत पडताच पायाचा स्नायू आखडला. तंतूला कोणतीही तार चिकटविलेली नव्हती, कोणतेही रसायन लावलेले नव्हते.

तंतू चेतविण्याचे काम विजेने गॅल्व्हानीच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून होत आले आहे. मग प्रकाशाचा हव्यास कशासाठी? याचे उत्तर शेतकऱ्यास चटकन उमगेल. पाटाने पाणी सोडले की ते शेजारच्या वाफ्यातही झिरपते. वीजही ओल्या ऊतींतून अशीच पसरते, आणि एक तंतू चेतवावा तर आजूबाजूचे दहा चेततात. प्रकाशाचा झोत मात्र झारीच्या धारेसारखा हव्या त्या जागी पडतो. उंदराच्या त्याच मज्जातंतूवर झोत थोडा इकडे-तिकडे सरकवून पायाचे वेगवेगळे स्नायू निरनिराळे हलविता आले. शिवाय विजेने तंतू चेतविताना मोजमापाच्या यंत्रात त्या विजेचाच गोंगाट शिरतो. प्रकाशाच्या बाबतीत ही अडचण उद्भवत नाही.

प्रकाश हे कसे साधतो, याचा उलगडा हळूहळू झाला. २०१२ साली मिखाइल शापिरो, फ्रान्सिस्को बेझानिला व सहकाऱ्यांनी दाखविले की आवरणालगतचे पाणी एकाएकी तापले म्हणजे आवरणाची विद्युत् धारिता बदलते. पेशीचे आवरण दोन पत्र्यांमध्ये विद्युत्‌रोधक ठेवलेल्या धारित्रासारखे असते, हे भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना सांगावयास नकोच. धारिता बदलली की क्षणभर एक प्रवाह वाहतो व तंतू पेटतो. हा प्रवाह तापमान किती वाढले यावर नव्हे, ते किती झपाट्याने वाढले यावर अवलंबून असतो. सेकंदाच्या हजारांश भागात आलेली काही अंशांची वाढ तंतूला जागविते. तीच वाढ सावकाश झाली तर हा प्रवाह जवळजवळ शून्य होतो.

निजविणे

सावकाश व टिकून राहणाऱ्या उबेने वेगळेच घडते. ॲलन हॉजकिन व बर्नार्ड कॅट्झ यांनी १९४९ साली सागरी माखलाच्या राक्षसी तंतूवर प्रयोग करून दाखविले होते की तंतू पुरेसा तापविला असता त्यातील संदेश खुंटतो आणि निवविला असता पूर्ववत् चालू लागतो. तापल्यामुळे सर्वच दारांची हालचाल जलद होते. परंतु संदेश विझविणारी क्रिया पेटविणाऱ्या क्रियेवर मात करते, आणि ठिणगी पुढच्या गवतापर्यंत पोहोचण्याआधीच मावळते.

या जुन्या निरीक्षणाला अवरक्त लेसरची जोड क्लीव्हलंड व नॅशव्हिल येथील शास्त्रज्ञांनी दिली. २०१३ साली त्यांनी समुद्री ससा नावाच्या गोगलगायीसारख्या जलचराच्या तंतूंतील संदेश प्रकाशाने थांबवून दाखविला. प्रकाश बंद होताच संदेश पुन्हा सुरू झाला. त्यापुढची पायरी २०१७ सालची, आणि तिच्यासाठी निवडलेला प्राणी आपल्याकडील घरांत रात्री भिंतीच्या कडेने चूं-चूं करीत जाणारी चिचुंद्री हा होता. लोक तिला उंदरांत गणतात, पण ती उंदीरवर्गातील नव्हे. तिच्या मानेतून पोटाकडे जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूत जाड व बारीक तंतू एकत्र असतात. त्यावर अवरक्त प्रकाश टाकला असता मंदगती, बारीक तंतूंतील संदेश आधी थांबले. वेगवान संदेश चालूच राहिले. बारीक तंतू निजविण्यास त्याचा लहानसा भागच तापवावा लागतो, म्हणून त्यास थोडी ऊब पुरते.

दात काढताना दिलेल्या सुईने ओठही बधिर होतो, बोलणे बोबडे होते, कारण ते औषध तंतूंमध्ये फारशी निवड करीत नाही. हालचाल व स्पर्श शाबूत ठेवून केवळ ठणका थांबविणारा उपाय वैद्यकशास्त्राला अद्याप हवाच आहे. अफूजन्य वेदनाशामकांची सवय जडण्याचे दुष्परिणाम पाहता तर तो अधिकच हवा आहे. ठणका नेणारे तंतू बारीक असतात, आणि अवरक्त किरण बारीक तंतूंनाच आधी निजवितात. या दोन वाक्यांत या संशोधनाची सारी आशा सामावली आहे.

आशेला मर्यादाही आहेत व त्या दृष्टिआड करून चालणार नाही. तंतू जागविणारी मात्रा व त्यास इजा करणारी मात्रा यांत उंदरावरील प्रारंभीच्या प्रयोगांत दुप्पट-अडीचपटीचेच अंतर आढळले. कानातील श्रवणतंतू प्रकाशाने चेतवून बहिऱ्यांना ऐकू आणता येईल, या कल्पनेवर २००६ पासून बरेच काम झाले. परंतु २०१५ साली संपूर्ण बहिऱ्या केलेल्या गिनिपिगांवर तो प्रयोग फसला. झोताने पाणी तापताना होणारा सूक्ष्म आवाजच शाबूत कानांनी ऐकला असावा, अशी रास्त शंका त्यामुळे उत्पन्न झाली. माणसावरील प्रयोग मोजकेच. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, स्नायूंचा ताठरपणा घालविण्यासाठी पाठीच्या कण्यातील ज्या तंतुमुळांचे छेदन व्हावयाचेच होते, त्यांवर शस्त्रक्रियेच्या वेळी झोत टाकून स्नायूंचा प्रतिसाद मिळविण्यात आला. नेहमीचा उपचार म्हणून ही पद्धती अद्याप प्रचारात आलेली नाही.

मग तांबड्या दिव्याचे काय?

दिव्याच्या शेकाने त्वचेतील रक्ताभिसरण वाढते, आखडलेल्या स्नायूंना आराम वाटतो. ज्याची त्वचा शाबूत व संवेदना जागी आहे, त्याने तज्ज्ञाच्या देखरेखीखाली तो घेण्यास हरकत नाही. परंतु त्याने 'नस जागी होते' हे म्हणणे वरील विवेचनापुढे टिकत नाही. दिवा मिनिटामिनिटाने तापवितो. तंतूला जागविणारी ऊब सेकंदाच्या हजारांश भागात यावी लागते. प्रयोगांतील किरण पाण्यात मिलिमीटरभरही खोल जात नाहीत, म्हणून तंतू शस्त्रक्रियेने उघडा करावा लागला. मांडीतील तोच तंतू माणसात कातडी, चरबी व स्नायू यांच्याखाली काही सेंटीमीटर खोल असतो. आणि मुख्य म्हणजे ते प्रयोग जिवंत, निरोगी तंतूवरचे आहेत. मधुमेहाने झिजलेला तंतू निजलेला नसतो; तो खराब झालेला असतो.

मधुमेहींच्या पायांची बधिरता घालविण्यासाठी बनविलेल्या अवरक्त उपकरणांची रीतसर परीक्षाही झालेली आहे. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही रुग्णांना खरे व काहींना तसेच दिसणारे निष्क्रिय उपकरण दिले गेले. दोन्ही गटांच्या संवेदनेत लक्षणीय फरक पडला नाही. त्याआधी २००६ सालीच तेथील शासकीय आरोग्य विमा योजनेने बधिरता व व्रण यांवरील अशा उपचारांचा खर्च देण्याचे नाकारले होते. भारतात मधुमेह, पक्षाघात, कुष्ठरोग अशा व्याधी बऱ्या करण्याच्या जाहिरातींवर निर्बंध घालणारा कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. जाहिरात वाचणाऱ्यांस त्याची क्वचितच माहिती असते.

नफा नसला तरी तोटा काय, असे कोणी म्हणेल. तोटा आहे, आणि तो मोठा आहे. ४३ अंशांच्या वर उघडून 'भाजते आहे' असे ओरडणारे ते दार ज्या तंतूंत असते, नेमके ते तंतूच मधुमेहात व कुष्ठरोगात मरतात. बधिर पाय दिव्याखाली, गरम पाण्याच्या पिशवीवर किंवा चुलीपाशी ठेवून बसलेल्या माणसास कातडी भाजली तरी पाय काढून घ्यावा असे वाटत नाही. फोड येतो, तो फुटतो, पायताणाखाली चिघळतो, आणि रक्तातील साखर वाढलेली असल्याने भरून येत नाही. हुबळीत १९५७ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असो वा अन्यत्र, अशा व्रणांची परिणती पुष्कळदा बोट किंवा पाऊल कापण्यात होते. म्हणूनच दिवा लावण्यापूर्वी रुग्णाला गरम व गार यांतील भेद कळतो की नाही, हे पाहण्याचा भौतिकोपचारात दंडक आहे. घरी आणलेल्या दिव्याला असा दंडक कोण लावणार? अंघोळीचे पाणीही अशा व्यक्तीने पाय बुडवून पाहू नये. कोपराने पाहावे, अथवा घरातील दुसऱ्या कोणास पाहावयास सांगावे. कुष्ठरोगाच्या बाबतीत तर फिकट, बधिर चट्टा दिसताच आरोग्य केंद्र गाठल्यास बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो, आणि तंतू मरण्यापूर्वीच रोग आटोक्यात येतो.

पाय बधिर होऊ लागला आहे की काय, हे घरच्या घरी पाहण्याची एक सोपी रीत इंग्लंडमधील मधुमेहतज्ज्ञांनी घालून दिली आहे. तिला उपकरण लागत नाही. व्यक्तीस डोळे मिटून निजावयास सांगावे. दुसऱ्याने आपल्या तर्जनीच्या टोकाने तिच्या प्रत्येक पायाचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या शेंड्यांना एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये, घासू नये. स्पर्श कळताच व्यक्तीने 'उजवा' किंवा 'डावा' असे म्हणावे. एखाद्या ठिकाणी उत्तर आले नाही तर तेथे पुन्हा स्पर्श करून पाहू नये. सहापैकी दोन वा अधिक ठिकाणी स्पर्श न कळल्यास त्या पायाची संवेदना कमी झाली आहे असे समजून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. अशा तपासणीसाठी डॉक्टर १० ग्रॅम दाबाने वाकणारा नायलॉनचा तंतू वापरतात. तो तळपायावर ठिकठिकाणी टेकवितात आणि जेथे तो वाकूनही रुग्णास कळत नाही, त्या जागांची नोंद करतात.